जुन्या एमजीबीचा डॅशबोर्ड: आत गेला, पण नट काही लागेना

दादर_ते_डिडकॉट
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. तीन वर्षांपूर्वी मी १९७० ची एक एमजीबी रोडस्टर (इंग्लंडची जुनी, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार) घेतली हे इथल्या जुन्या लोकांना आठवत असेल, घेतली म्हणजे काय तर एका आजोबांच्या शेडमधून अर्धी गाडी आणि अर्धी खोक्यांत अशी उचलून आणली. बॉडीचं वेल्डिंग, रंग, ब्रेक, इंजिन सगळं झालंय आणि आता गाडी डॅशबोर्डवर येऊन अडकलीये.

झालं असं की मी मोठ्या हौसेने डॅशबोर्ड घरात डायनिंग टेबलवर पूर्ण तयार केला. पत्र्याचाच आहे, इंग्लंडमधल्या गाड्यांना १९७६ पर्यंत पत्र्याचाच यायचा. त्याला तो सुरकुत्यांचा काळा रंग मारला, स्पीडोमीटर, टॅकोमीटर (इंजिनचे फेरे दाखवणारं मीटर), पेट्रोलचा काटा, ऑइल-टेंपरेचरचं जोडमीटर, सगळे स्विच, सगळं बसवलं. इतका देखणा दिसत होता की दोन दिवस टेबलावरच ठेवला आणि आम्ही जमिनीवर बसून जेवलो. शनिवारी तो धूड गाडीत घातला, वायरी जोडल्या आणि मग लक्षात आलं की वरच्या कडेला, म्हणजे काचेच्या खाली आतल्या बाजूने जे नट लावायचेत तिथे माझा हातच पोचत नाहीये. पाना तर सोडाच, बोटंसुद्धा नाहीत. सीट काढलेल्या, मी उताणा, पाय गाडीबाहेर, डोकं पेडलांच्या मध्ये, तीन तास. दोन नट लागले, तिसरा पडला तो कुठे गेला देव जाणे. शेवटी सगळं परत बाहेर काढलं.

कुणी केलंय का हे काम? की माझेच हात जाड आहेत?

पुणेकर_स्पष्ट
हात जाड नाहीत, आधी विचारायचं ते नंतर विचारलंत.

लीड्सचा_लाडू
अरे बाबा, हे सगळे करतात, मी पण केलंय (माझी १९७३ ची). नीट ऐक. टेबलावर मीटर बसवून डॅशबोर्ड छान दिसतो पण ती दोन मोठी भोकं, स्पीडोमीटरचं आणि टॅकोमीटरचं, ती तुझ्या हातासाठी आहेत असं समज. मोठी मीटरं काढ, नुसता पत्रा आणि स्विच एवढंच आत टांग, भोकातून हात घालून वरचे नट हाताने दोन-दोन आटे लाव, सगळे लागले की मगच आवळ. आधीच एक आवळलास तर पुढचं भोक जुळणार नाही. नटाला थोडं ग्रीस लावून सॉकेटमध्ये चिकटव म्हणजे पडत नाही. मीटरं समोरूनच आत जातात आणि मागून पट्टी लागते, त्यामुळे ती शेवटी टाकली तरी चालतात.

आणि एक महत्त्वाचं, पुढची काच बसवलीस का?

दादर_ते_डिडकॉट
नाही अजून, फ्रेम हॉलमध्ये सोफ्याच्या मागे आहे. का?

लीड्सचा_लाडू
वाचलास. रोडस्टरच्या काचेच्या खांबांचे बोल्ट दोन्ही बाजूंना डॅशबोर्डच्या मागे येतात. डॅशबोर्ड आधी लागला तर त्या बोल्टांसाठी परत हाच सगळा तमाशा. तेव्हा आधी काच, मग डॅशबोर्ड. वायपरची यंत्रणा आणि काचेवर गरम हवा मारायचे पाइप पण त्याच्या आधी. जीटी (हिचीच पक्क्या टपाची बहीण) असती तर काचेचा हा प्रश्न नसता, तिची काच रबरात बसते.

हँडगिअर
छान धागा. माझी १९७१ ची फियाट डिलाइट आहे, डोंबिवलीत असते, आणि मी तुम्हा लोकांइतका शूर नसल्यामुळे डॅशबोर्डचा पत्रा काढलाच नाही, फक्त मीटर काढून साफ केलं आणि पत्रा जागेवरच घासून रंगवला. आमच्या गाडीचं बरंय, मेट्रिक आटे, दहाचा, तेराचा, सतराचा पाना घेतला की निम्मी गाडी उघडते. तुमच्या त्या इंग्रज गाडीला सगळे इंची पाने लागत असतील ना? माझ्या एका मित्राने हेराल्डवर, तीही इंग्रज घडणीची गाडी, मेट्रिक पाना चालवून सगळ्या नटांचे कान गोल केले होते.

अवांतर: ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा फार वाईट वाटलं होतं. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या त्या गाड्या आमच्या लहानपणी म्हणजे टॅक्सी या शब्दाचाच अर्थ होता. आता माझ्या गाडीला कुणी हात करत नाही, फोटो मात्र सगळे काढतात.

दादर_ते_डिडकॉट
काका, हो, सगळं इंची, आणि मीटरच्या मागचे छोटे नट तर त्याहून वेगळेच, बीए नावाचे आटे. एक हरवला की घरातल्या डब्यात त्याच्या मापाचं दुसरं काही सापडत नाही. आणि तुमच्या फियाटचे फोटो टाका ना प्लीज, दादरला आमच्या बिल्डिंगखाली अशीच एक उभी असायची.

गौरी_नागपूर
बाबांची अँबेसेडर आहे आमच्याकडे म्हणून वाचतेय. एक गंमत सांगू का, अँबेसेडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन हे दोघं एकाच घराण्यातले, बीएमसीची (मुंबईची पालिका नव्हे, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी सिरीज. म्हणजे तुमची लाल सुंदरी आणि आमची पांढरी हत्तीण सख्ख्या नाही तरी चुलत बहिणी. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, मग तिकडे स्पोर्ट्स कार आणि इकडे एका गाडीत अकरा माणसं, हे नशीब.

वायरमन_सांगली
दादा मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे वीस वर्ष झाली जुन्या गाड्या पण करतो, तुम्ही डॅशबोर्ड टेबलवर तयार केला ते चूक नाही उलट चांगलं आहे पण टेबलवर बॅटरी लावून बघितलं का एक एक लाइट एक एक काटा, ते नाही केलं तर आत गेल्यावर एक बल्ब लागला नाही की परत सगळं बाहेर, माझा नियम आहे बाहेर जळालं तर आत जळेल. बाहेर टेस्ट करा मग मोठे मीटर काढा मग आत घाला, लाडू पाहुण्यांचं पण बरोबर आहे तुमचं पण बरोबर आहे. आणि काम करताना बॅटरीची वायर काढा, इंग्रजी गाडीत तपकिरी वायर म्हणजे डायरेक्ट बॅटरी, फ्यूज नाही तिला, चावी बंद असली तरी करंट असतो, पाना लागला की धूर आणि अख्खी वायरिंग जाते.

दादर_ते_डिडकॉट
वायरमन दादा खूप आभार. बॅटरी काढलीये, म्हणजे बॅटऱ्या, या गाडीला सहा-सहा व्होल्टच्या दोन येतात, सीटच्या मागे जमिनीखाली. एक काढून विसरलो की दुसरी आहेच असं वाटत राहतं पण सिरीजमध्ये आहेत त्यामुळे चालतं.

काल टेबलावर टेस्ट केली. इंडिकेटरचा दिवा लागला, हाय बीमचा निळा लागला, पण मीटरमधले बल्ब काही लागेनात. नवीन बल्ब, नवीन होल्डर. वैताग.

वायरमन_सांगली
नवीन रंग मारला ना. मीटरला अर्थ म्हणजे अर्थिंग कुठून मिळणार, मागच्या पट्टीतून आणि डॅशबोर्डच्या पत्र्यातून, आणि तुम्ही पत्र्यावर रंगाचा थर दिला. मागच्या बाजूने पट्टी टेकते तिथे रंग खरवडा आणि काळी वायर प्रत्येक मीटरला पोचली का बघा, ती एकातून दुसऱ्याला जाते, मधली एक सुटली की पुढचे सगळे आंधळे.

दादर_ते_डिडकॉट
लागले!!! एक काळी वायर मी सुबकपणे गुंडाळून टेपपट्टी मारून ठेवली होती, काहीतरी जास्तीचं असेल म्हणून.

पुणेकर_स्पष्ट
जास्तीचं असतं तर कंपनीने दिलं असतं का?

शेवगा_शेंग
तो सुरकुत्यांचा रंग घरी कसा मारला ते सांगा ना, माझ्या जुन्या रेडिओच्या पत्र्यावर मारायचाय.

दादर_ते_डिडकॉट
स्प्रेचा डबा मिळतो. पातळ मारला तर सुरकुत्या पडत नाहीत, चांगला जाडसर, तीन हात, एक उभा एक आडवा एक तिरका, मध्ये थोडे थोडे मिनिटं सोडून. आणि मग गरम हवा पाहिजे, नाहीतर सुरकुत्या कुठे बारीक कुठे जाड येतात. मी बायकोचा हेअर ड्रायर वापरला. तो आता माझा हेअर ड्रायर आहे. पहिला पत्रा डोसा बिघडल्यासारखा दिसत होता, सगळं थिनरने काढून परत केलं. थंडीत करू नका, शेडमध्ये अजिबात नको.

लीड्सचा_लाडू
आत घालायच्या आधी जोडमीटरबद्दल सांगतो कारण तिथे माझे पैसे गेलेत. टेंपरेचरच्या मीटरला वायर नाही, बारीक तांब्याची नळी आहे, तिच्यात ईथर भरलेलं असतं, टोकाचा बल्ब इंजिनच्या हेडमध्ये जातो. नळी आणि मीटर एकच वस्तू आहे, सुटी होत नाही. ती नळी एकदा मुडपली किंवा कापली की ईथर उडून जातं आणि काटा कायमचा झोपतो, मग तज्ज्ञाकडे पाठवून नळी बदलून ईथर भरून आणायला लागते. मी ती कोपऱ्यात काटकोनात वाकवली होती. तू मोठी मोठी वळणं दे, जास्तीची लांबी असेल तर मोठ्या गोल वेटोळ्यात ठेव.

त्याच मीटरच्या दुसऱ्या अर्ध्यात ऑइल प्रेशर, तिथे तर खरंखुरं इंजिन ऑइल पाइपातून येतं डॅशबोर्डपर्यंत! जोडाला चामड्याचा वायसर असतो. तो जुना सुकलेला परत लावू नकोस.

गौरी_नागपूर
म्हणजे तुमच्या मांडीच्या वर गरम तेलाचा पाइप? आणि हे लोक आपल्याला सेफ्टी शिकवतात.

दादर_ते_डिडकॉट
अपडेट. या वीकेंडला आधी काच लावली (दोन शेजारी, एक पोलिश आणि एक वेल्श, आणि मी, तिघांनी मिळून, रबर बसवताना तिन्ही भाषांत शिव्या). मग पत्रा टांगला. लाडूसाहेब, तुमच्या पाया पडतो. भोकांतून हात घालून सगळे नट पाऊण तासात लागले, जे मागच्या वेळी तीन तासात नाही झालं. ग्रीसची आयडिया भारी आहे. स्पीडोमीटरची केबल आधीच भोकातून बाहेर ओढून ठेवली म्हणजे नंतर मागे शोधायला नको.

आणि तो हरवलेला नट सापडला. वॉशिंग मशीनमध्ये. माझ्या डांगरीच्या खिशात पडला होता आणि साठ डिग्रीला धुऊन निघाला. मशीनच्या ड्रमला खोक पडलीये, ते प्रकरण घरी अजून चालू आहे.

आता प्रश्न. सगळं जवळपास जोडलं, फक्त स्पीडोमीटर आणि टॅकोमीटर अजून बाहेर आहेत, म्हटलं आधी गाडी सुरू होते का बघू मग ती टाकू. सेल्फ मस्त उचलतोय पण गाडी सुरू होत नाही. प्लगला करंटच नाही. डॅशबोर्ड काढायच्या आधी हेच इंजिन एका झटक्यात सुरू होत होतं!! पॉइंट साफ केले, कंडेन्सर बदलला, प्लगला करंट पुरवणारी कॉइल बदलली. शिवाय डॅशबोर्डखालून थेंब थेंब ऑइल पडतंय पॅन्टवर.

लीड्सचा_लाडू
चामड्याचा वायसर.

दादर_ते_डिडकॉट
हो. जुनाच लावला. नवा टपालाने येतोय. बोलू नका काही.

पुणेकर_स्पष्ट
मी काही बोललोच नाही.

हँडगिअर
करंट नाही म्हणजे चावीचा स्विच तर नाही ना? फियाटला एकदा असंच झालं होतं, चावीच्या मागची वायर सैल. कॉइलवर टेस्ट लॅम्प लावून बघा चावी चालू केल्यावर करंट येतोय का.

दादर_ते_डिडकॉट
लावला काका. कॉइलवर करंट येतच नाहीये. चावीच्या स्विचमधून मात्र बाहेर येतोय. मध्ये कुठेतरी गायब होतोय. इथे इंग्रज लोक ल्यूकस कंपनीच्या वायरिंगला अंधाराचा राजपुत्र म्हणतात ते उगाच नाही.

वायरमन_सांगली
दादा थांबा कॉइल पॉइंट काही बदलू नका ते बिचारे चांगले आहेत. टॅकोमीटर बाहेर आहे म्हणालात ना, १९७० ची गाडी, तिच्या टॅकोमीटरला दोन पांढऱ्या वायरी जातात का बघा. जुना टॅकोमीटर करंट मोजतो, म्हणजे चावीकडून कॉइलला जाणारा इग्निशनचा करंट त्या मीटरच्या आतून जातो आणि मग पुढे जातो. मीटर काढलं की रस्ताच तुटला. त्या दोन पांढऱ्या वायरी एकमेकींना जोडा आणि सेल्फ मारा. पण आधी ऑइलचा वायसर बदला नाहीतर कार्पेटवर आंघोळ होईल.

दादर_ते_डिडकॉट
.
.
.
सुरू झाली. पहिल्या झटक्यात.

मी शेडमध्ये एकटा उभा राहून नाचलो. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, वेल्श शेजारी बाहेर आला, त्याला वाटलं काहीतरी झालं. वायरमन दादा, तुम्ही सांगलीत बसून डिडकॉटमधली गाडी सुरू केलीत. मी १०० पौंडांचं सामान उगाच बदललं. कॉइल, कंडेन्सर, रोटर.

(वायसर आधीच बदलला होता, टपाल आलं सकाळी.)

लीड्सचा_लाडू
मानलं वायरमन. माझी १९७३ ची आहे, तिला दुसऱ्या पद्धतीचा टॅकोमीटर, त्याला कॉइलकडून फक्त सिग्नलची वायर येते, तो काढला तरी इंजिन चालतं. म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही.

वायरमन_सांगली
काही नाही हो दादा ट्रॅक्टरवाल्यांचे पण असेच असतात प्रॉब्लेम. जुनं सामान फेकू नका ते चांगलं आहे, डिकीत ठेवा.

शेवगा_शेंग
एक बावळट प्रश्न, एवढ्या जुन्या गाडीला तिकडे दरवर्षी पासिंग वगैरे लागतं का? आमच्याकडे पंधरा वर्ष झाली की आरटीओच्या चकरा सुरू.

दादर_ते_डिडकॉट
इथे ४० वर्षं झाली की रोड टॅक्स माफ आणि वार्षिक तपासणीही सक्तीची नाही, गाडीत मोठे फेरफार केले नसले तर. पण गाडी रस्त्यावर चालवायला धड पाहिजे ही जबाबदारी मालकाचीच. मी तरी तपासून घेणार आहे, माझ्या स्वतःच्या वेल्डिंगवर माझा एवढा विश्वास नाही.

हँडगिअर
आपल्याकडे २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नोंदणीला वीस हजार. पण मग रोज भाजी आणायला ती चालवता येत नाही. मी माझी साधीच ठेवलीये. मला ती भाजी आणायलाच हवी आहे.

गौरी_नागपूर
काका हे वाक्य बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले या माणसाला चहाला बोलाव.

लीड्सचा_लाडू
दिडकू (तुझं नाव आता हेच), मीटरं टाकताना पेट्रोलच्या काट्याकडे लक्ष दे. त्याला बारा व्होल्ट थेट जात नाहीत, मध्ये एक छोटा डबा आहे, स्टॅबिलायझर, तो सरासरी दहा व्होल्ट देतो. त्या डब्याला पण त्याच्या स्क्रूमधून अर्थ लागते. तिथेही तू रंग मारला असणार. अर्थ नसेल तर काटा खोटं बोलतो, टाकी आहे त्यापेक्षा जास्त भरलेली दाखवतो, आणि मग तू एम४ हायवेवर मध्येच उभा.

दादर_ते_डिडकॉट
रंग मारला होता. खरवडला. धन्यवाद.

तर मंडळी, डॅशबोर्ड बसला. सगळे दिवे लागतात, टॅकोमीटरचा काटा हलतो, ऑइल प्रेशर छान, टेंपरेचर चढतंय म्हणजे ईथर शाबूत आहे. काल संध्याकाळी ॲबिंग्डनपर्यंत जाऊन आलो, इथून वीसेक मिनिटं. १९६२ पासून १९८० पर्यंत या गाड्या तिथेच बनल्या, पाच लाखांच्या वर. गाडी तिच्या माहेरी एक चक्कर मारून आली म्हणा. मुलगी शेजारी बसली होती, तिने विचारलं बाबा हिला रेडिओ नाही का. नाही.

फक्त एक गोष्ट. डॅशबोर्डखाली एक वायर लोंबकळतेय. हिरवी, तिच्यावर पिवळी रेघ. कुठेच कमी पडतेय असं वाटत नाही, सगळं चालतंय. या वेळी टेपपट्टी मारली नाही, आधी विचारतोय.

पुणेकर_स्पष्ट
प्रगती आहे.

लीड्सचा_लाडू
हीटरचा पंखा. आत्ता ऑगस्ट आहे म्हणून तुला कळलं नाही. पंख्याच्या स्विचच्या मागे एक टोक रिकामं असेल बघ.

दादर_ते_डिडकॉट
डॅशबोर्ड परत काढायचा???

लीड्सचा_लाडू
नाही रे, खालून हात जाईल. एक स्विच तर आहे.

दादर_ते_डिडकॉट
हात गेला. परत यायला वेळ लागला, मनगट सोललंय. पंखा फिरतोय, हेलिकॉप्टरसारखा आवाज येतोय, हवा मात्र नाही.

हँडगिअर
फियाटला तर पंखाच नाही. काच खाली करायची.